गळके टप, रिव्हेट आणि सीलंट : आमची वाटचाल

चिपळूणला लागून असलेल्या खेर्डीत आमची बसबॉडी दुरुस्तीची शेड आहे. वडील एस.टी.च्या कार्यशाळेत पत्राकाम करत असत. निवृत्तीनंतर त्यांनी ही शेड घातली, तेव्हा दरवाजे, पायऱ्या, बंपर, सीटचे सांगाडे असे मिळेल ते काम आम्ही घेत होतो. पुढे गळक्या टपांचे काम वाढत गेले आणि आज आमची ओळखच त्या कामाची झाली आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या मुलखात हे नवलाचे नाही. पण दोष एकट्या पावसाचा नसतो. कुंभार्ली किंवा परशुराम घाट चढताना भरलेल्या बसचा सांगाडा वळणावळणाला थोडा पिळला जातो, तो पीळ टपाच्या सांध्यांवर येतो आणि रिव्हेट (पत्रे जोडणाऱ्या धातूच्या मेखा) आपापल्या भोकात हळूहळू सैल होतात. पाऊस फक्त ते उघड करतो.

एस.टी.च्या जुन्या लाल गाड्यांचा ॲल्युमिनियमचा पत्रा भरीव रिव्हेटने जडवलेला असे. एकाने बाहेरून ठोकायचे आणि दुसऱ्याने आतून लोखंडी ठोकळा धरायचा, म्हणजे रिव्हेट फुगून भोक पुरते भरून टाकतो. वडिलांचा हात त्या कामात तयार झालेला असल्यामुळे त्यांना पॉप रिव्हेट मनापासून कधी पटला नाही. परंतु दुरुस्तीच्या कामात आतले सिलिंग, दिवे आणि वायरिंग उतरवून ठोकळा धरायला जागा करणे कोणत्याही गाडीमालकाला परवडत नाही, आणि एका बाजूने एकट्या माणसाला बसवता येणारा पॉप रिव्हेट आम्हालाही स्वीकारावा लागला. तो स्वीकारताना कोणता घ्यायचा, हा प्रश्न मात्र आम्ही दुकानदारावर सोडला नाही.

बाजारात सर्रास मिळणारा पॉप रिव्हेट ही एक पोकळ नळी असते. गनने ओढल्यावर मधला खिळा तुटतो, त्याचे डोके आत अडकून राहते, आणि खिळा व नळी यांच्यामधल्या फटीतून पाण्याला सरळ वाट मिळते. शिवाय खिळा साध्या पोलादाचा असेल तर दुसऱ्या पावसाळ्यात पांढऱ्या टपावर तांबडे ओघळ दिसू लागतात. म्हणून टपाच्या बाहेरच्या पत्र्याला आम्ही बंद टोकाचाच रिव्हेट वापरतो. त्याचे आतले टोक टोपणासारखे बंद असल्याने डोक्यात शिरलेले पाणी गाडीत उतरत नाही. किंमत जास्त असते आणि मालकाला वरून पाहून दोन्हींतला फरक कळत नाही, त्यामुळे अंदाजपत्रक देताना आम्ही दोन्ही प्रकारचे रिव्हेट करवतीने उभे कापून समोर ठेवतो. त्यानंतर किमतीवरून घासाघीस बरीच कमी होते.

धातूची निवड त्याहून नाजूक आहे. खाऱ्या दमट हवेत दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून राहिले की त्यांतला एक गंजत जातो, आणि गंजणाऱ्या धातूचा तुकडा जितका लहान तितकी झीज वेगाने होते. लोखंडी पत्र्यात ॲल्युमिनियमचा रिव्हेट घातला तर नेमके हेच घडते, कारण भल्यामोठ्या पत्र्यासमोर एवढासा रिव्हेट टिकत नाही. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला स्टेनलेसचा रिव्हेट त्या मानाने निभावतो, तरी किनाऱ्यावरच्या गाड्यांत त्याच्या डोक्याभोवती पांढरी भुकटी धरते. मिरकरवाडा बंदरातून मासळी नेणाऱ्या गाड्यांचे काम सुरू झाल्यावर ही बाब आमच्या रोजच्या पाहण्यातली झाली. तिथे बाहेरून समुद्राची हवा आणि आतून वितळलेल्या बर्फाचे खारे पाणी असा दुहेरी मारा असतो. या गाड्यांवरच्या मासळीच्या थंड पेट्यांच्या पत्र्यांमागच्या फोममध्ये पाणी मुरले की गाडी विनाकारण जड होते आणि थंडावाही टिकत नाही. ॲल्युमिनियमच्या पेटीला आम्ही ॲल्युमिनियमचाच रिव्हेट, तोही ॲल्युमिनियमच्याच खिळ्याचा, लावतो आणि प्रत्येक रिव्हेट सीलंटमध्ये, म्हणजे फट बुजवणाऱ्या चिकट द्रव्यात, बुडवून मगच भोकात घालतो.

मापाबाबत आमच्याकडे तडजोड नाही. ४.८ मिलिमीटरच्या रिव्हेटला ४.९ चे भोक लागते. जुने भोक हलून हलून लांबट झालेले असेल तर त्यात तोच रिव्हेट पुन्हा घालण्यात अर्थ नसतो. एक तर ६.४ मिलिमीटरचा रिव्हेट घालावा, नाही तर जुने भोक बंद करून शेजारी नवे पाडावे. कडेपासूनचे अंतर रिव्हेटच्या व्यासाच्या दुपटीपेक्षा कमी ठेवले तर पत्रा कडेला फाटतो. भोक पाडल्यावर दोन पत्र्यांमध्ये अडकलेला कीस काढण्यासाठी आमचे कारागीर सांधा पाचर घालून उचलतात आणि ब्रश फिरवतात. पाहणाऱ्याला हा वेळेचा अपव्यय वाटतो. पण तो कीस आत राहिला तर पत्रे एकमेकांवर बसतच नाहीत आणि कितीही रिव्हेट मारले तरी फट राहते.

सीलंटच्या बाबतीत आमचा सर्वांत जुना वाद सिलिकॉनशी आहे. “दादा, वरनं जरा सिलिकॉन मारून द्या, गणपतीपर्यंत निभावलं पाहिजे,” हे वाक्य आम्ही दर श्रावणात ऐकतो. चाकरमान्यांच्या फेऱ्या तोंडावर आलेल्या असताना मालकाची घाई समजण्यासारखी असते, तरीही वरून लेप देण्याचे काम आम्ही घेत नाही, आणि त्यापायी काही गिऱ्हाइके कायमची गेली. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन सुकताना आम्ल सोडते आणि उघड्या लोखंडाला व जस्ताच्या मुलाम्याला गंज लावते. त्यावर रंग धरत नाही. आणि ते खरवडल्यावरही मागे राहणाऱ्या पातळ थरावर दुसरे कोणतेही सीलंट चिकटत नाही. सिलिकॉन लागलेला टप आला की निम्मी मजुरी तो थर काढण्यातच जाते. घासून पुसलेल्या पत्र्यावर आम्ही पाणी शिंपडतो. पाणी सपाट पसरले तर पत्रा स्वच्छ आहे. कुठे त्याचे मणी होऊन उभे राहिले तर तिथे अजून सिलिकॉन किंवा तेल आहे, आणि तेवढ्या भागावर कारागीर पुन्हा हात फिरवतो.

आम्ही सांध्यात ब्यूटाइल या चिकट रबराची पट्टी आणि कडेला सुकल्यावर रबरासारखे लवचीक राहणारे पॉलियुरेथेन किंवा हायब्रिड सीलंट अशी जोडी वापरतो. ब्यूटाइल कधी कडक होत नाही, त्यामुळे दोन पत्र्यांमध्ये रिव्हेटने दाबले गेले की ते पत्र्यांच्या हालचालीबरोबर सरकत राहते. उघड्यावर मात्र त्याला धूळ चिकटते, म्हणून ते आतच शोभते. कडेचे सीलंट लवचीक हवे, याचे कारण साध्या गणितात आहे. दहा मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा टप पहाटेपेक्षा दुपारी ४० अंशांनी तापला तर सुमारे नऊ मिलिमीटर वाढू पाहतो, आणि त्याखालचा लोखंडी सांगाडा तेवढाच तापला तरी पाचाच्या आतच राहतो. ही तफावत अनेक सांध्यांत वाटली जाते, पण प्रत्येक सांध्याला आपला वाटा रोज सोसावा लागतो. लांबी (पुट्टी) किंवा इपॉक्सी भरलेल्या सांध्याला म्हणूनच पहिल्या उन्हाळ्यातच तडा जातो. रंग होणार असेल तिथे पॉलियुरेथेन उत्तम. रंगाविना उन्हात ठेवले तर ते वरून भुरभुरते, तिथे आम्ही हायब्रिड वापरतो. पॉलियुरेथेन लावण्याआधी पत्रा स्पिरिटने पुसायचा नाही, कारण मागे राहिलेले अल्कोहोल त्याच्या सुकण्यात अडथळा आणते, हे नव्या कारागिराला आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो. ३०० मिलिलीटरच्या एका नळीतून सहा मिलिमीटर जाडीची रेघ साधारण दहा मीटर निघते. पूर्वी अंदाजाने सांगितला जाणारा मालाचा खर्च या हिशोबावरून आम्ही लेखी देऊ लागलो.

गळती शोधणे हा या धंद्याचा खरा कस आहे. एका शाळेच्या बसमध्ये पाणी मागच्या सीटवर टपकत होते आणि तिच्या मागच्या सांध्यावर आधीच सीलंटचे कितीतरी थर चढलेले होते. आम्ही नळीचे पाणी खालून वर आणि मागून पुढे, एकेका सांध्यावर थांबत सोडले. पाणी शिरत होते ते पुढच्या बाजूला, कॅरिअरच्या पायाच्या बोल्टमधून; तिथून ते लांबीच्या स्क्वेअर पाइपमधून वाहत मागे जाऊन सिलिंगच्या पहिल्या मोकळ्या भोकातून खाली पडत होते. मागचा सांधा निर्दोष होता. पत्रे एकमेकांवर कसे चढवले आहेत तेही तेव्हाच पाहतो. पुढच्या पत्र्याची कड मागच्याच्या वर असावी, नाही तर धावत्या गाडीत वारा पाणी सांध्यात ढकलतो. एसी गाडी भर मेमध्ये गळत असेल तर टपाला हात न लावता आधी एसीच्या पाण्याची नळी तुंबली आहे का ते बघतो, आणि अनेकदा काम तेवढ्यावरच संपते. त्याचे पैसे घ्यायला संकोच होतो, पण तपासणीचा दर आता फलकावरच लिहिलेला आहे.

२२ जुलै २०२१ च्या महापुरात शेडमध्ये पाणी भरले आणि कॉम्प्रेसरपासून रिव्हेटच्या खोक्यांपर्यंत सगळे चिखलात गेले. त्यानंतर माल उंचावर ठेवणे ओघानेच आले. मात्र पत्र्याखालचा माळा उन्हाळ्यात इतका तापतो की सीलंटच्या बंद नळ्याही आतल्या आत घट्ट होतात, त्यामुळे नळ्यांसाठी आम्ही पहिल्या मजल्यावर एक सावलीची खोली बांधली. नळीवरची मुदत पाहून जुना माल आधी वापरला जातो आणि मुदत संपलेली नळी कोणाच्याही गाडीला लागत नाही.

आता नव्या गाड्यांचे टप अधिकाधिक चिकटवलेले येऊ लागले आहेत, रिव्हेट कमी होत चालले आहेत, आणि ते काम आमचा मुलगा शिकून घेत आहे. जुन्या गाड्यांसाठी आम्ही एका पावसाळ्याची हमी देतो आणि दिवाळीच्या सुमारास गाडी तपासणीला बोलावतो. काम झाल्यावर मालकाच्या हातात एक कार्ड दिले जाते. त्यावर कोणत्या सांध्यात कोणत्या धातूचा व मापाचा रिव्हेट आहे आणि कोणते सीलंट लावले आहे ते लिहिलेले असते, आणि खाली ठळक अक्षरांत ‘या टपावर सिलिकॉन लावू नये’ असे छापलेले असते, कारण पुढची दुरुस्ती आमच्याचकडे होईल असे नाही.