तुम्ही विचारलंत म्हणून: जॉन मॅकीच का?

अमेरिकेत राहून इथला फुटबॉल पाहू लागलेल्या मराठी माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात: हा खेळ कळतो तरी का, आणि आवडता खेळाडू कोण. माझा आवडता खेळाडू जॉन मॅकी, असे सांगितले की तिसरा प्रश्न ठरलेला असतो. जो १९७२ नंतर मैदानात उतरलाच नाही, तो आवडता कसा?

मॅकी टाइट एंड होता. आक्रमक फळीच्या टोकाला उभे राहून समोरच्या धिप्पाड गड्यांना अडवायचे आणि संधी मिळताच पुढे धावत जाऊन पास झेलायचा, असे या जागेचे दुहेरी काम असते. १९६३ मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठातून तो बाल्टिमोर कोल्ट्स संघात आला, तेव्हा टाइट एंडने मुख्यतः अडवावे अशीच अपेक्षा असे. यष्टिरक्षकाने केलेल्या धावा एके काळी आपल्याकडे वरकड कमाई मानल्या जात, त्यातलाच हा प्रकार. त्याच्याआधीचा टाइट एंड माइक डिटका याने ही चौकट आधीच खिळखिळी केली होती, पण लांब पल्ल्याचा वेग तिच्यात आणला तो मॅकीने. चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या टोकाची रेषा ओलांडली की टचडाउन होते; १९६६ च्या हंगामात त्याने केलेल्या नऊ टचडाउनपैकी सहा ५० यार्डांहून लांबची होती. दहा हंगामांत मिळून ३३१ झेल आणि ३८ टचडाउन हे आकडे आज किरकोळ वाटतील, परंतु तो काळ एवढे पास फेकण्याचाच नव्हता. पाचव्या सुपर बोलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यात, दोघांच्या हातांना लागून उडालेला चेंडू झेलून त्याने केलेले ७५ यार्डांचे टचडाउन प्रसिद्ध आहे. त्यात नशिबाचा वाटा मोठा होता, म्हणून मी त्यावर फार बोलत नाही.

माझ्या दृष्टीने त्याची खरी कारकीर्द मैदानाबाहेरची आहे. १९७० मध्ये दोन प्रतिस्पर्धी लीग एक झाल्या आणि एकत्रित खेळाडू संघटनेचा पहिला अध्यक्ष म्हणून मॅकीची निवड झाली. त्याच वर्षी निवृत्तिवेतनासाठी त्याने संप घडवून आणला. त्या काळी करार संपलेला खेळाडू दुसऱ्या संघात गेला, की त्याच्या जुन्या संघाला किती भरपाई द्यायची हे लीगचे आयुक्त पीट रोझेल ठरवीत. त्या भरपाईच्या धास्तीने अशा खेळाडूला घ्यायला सहसा कोणी धजावत नसे, त्यामुळे करार संपूनही तो मोकळा होत नसे. मॅकी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या नियमाला न्यायालयात आव्हान दिले, आणि १९७६ मध्ये अपील न्यायालयानेही तो स्पर्धाविषयक कायद्याचा भंग करणारा ठरवला. खेळाडूंना प्रत्यक्ष मोकळीक मिळायला १९९३ उजाडले, हा भाग वेगळा. तोवर मॅकीच्या पिढीतले सगळे घरी बसले होते.

या खेळातल्या थोरांचा मानसन्मान करणाऱ्या हॉल ऑफ फेममध्ये मॅकीचा समावेश १९९२ मध्ये, निवृत्तीनंतर तब्बल वीस वर्षांनी झाला. १९६९ मध्ये ज्याला लीगच्या पहिल्या पन्नास वर्षांतला सर्वोत्तम टाइट एंड म्हणून निवडले होते, त्याला एवढे ताटकळत ठेवण्याचे खेळातले एकही कारण मला सापडत नाही. संघटनेच्या कामाची ती किंमत होती असे अनेकजण म्हणतात, आणि मलाही तसेच वाटते.

पुढे त्याला फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया या स्मृतिभ्रंशाच्या प्रकाराने गाठले. २०११ मध्ये, वयाच्या ६९ व्या वर्षी तो गेला, आणि मृत्यूनंतरच्या तपासणीत त्याच्या मेंदूत डोक्यावर वारंवार बसणाऱ्या धक्क्यांशी निगडित असलेला सीटीई हा विकारही आढळला. ज्या निवृत्तिवेतनासाठी तो भांडला, ते त्याच्या स्वतःच्या शुश्रूषेला पुरत नव्हते. पत्नी सिल्व्हिया यांना उतारवयात हवाई सेविकेची नोकरी धरावी लागली. त्यांनी लीगच्या आयुक्तांना पत्र लिहून ही अवस्था कळवली. त्यानंतर २००७ मध्ये लीग आणि खेळाडू संघटना यांनी मिळून स्मृतिभ्रंश झालेल्या माजी खेळाडूंसाठी एक योजना आणली. शुश्रूषागृहातील देखभालीसाठी तिच्यातून वर्षाला ८८,००० डॉलरपर्यंत मदत मिळू लागली. मॅकीच्या जर्सीचा क्रमांक ८८ होता, आणि योजनेचे नावही तेच ठेवले गेले.