उलटा नकाशा आणि बगळा

बक, म्हणजे बगळ्याचा तारकासमूह, मुलांना दाखवायला फार तर पंधरा मिनिटं लागतील, असं मी धरून चाललो होतो. लागल्या तीन रात्री, आणि त्यातल्या दोन एका कागदापायी.

ऑक्टोबरात रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला तोंड केलं की आकाशाच्या त्या ओसाड पट्ट्यात फोमलहॉट हा तारा एकटाच ठळक दिसतो. हात लांब करून त्याच्याखाली पावणेदोन मुठी मोजल्या की दोन तारे शेजारी शेजारी. इथवर सुरळीत.

मग थोरलीने तारानकाशा पाहून विचारलं, "काका, यात पूर्व डावीकडे कशी? भूगोलात तर उजवीकडे असते." मी तरी क्षणभर विचार करायचा! 'उलटा छापलाय' म्हणून मोकळा झालो, आणि कागद पालथा धरून मागून टॉर्च मारला. पूर्व उजवीकडे आली, बगळा मात्र गायब. डोकं वर उजवीकडे असायचं, ते आम्ही डावीकडे शोधत बसलो. दोन रात्री! ढगांना, धुक्याला, शेजारच्या दिव्याला, सगळ्यांना दोष देऊन झाला. धाकट्याने तर पतंग दिसतोय म्हणून जाहीर केलं.

तिसऱ्या रात्री दुर्बिणीतून बघताना तोच म्हणाला, "काका, लाल तारा डावीकडे आहे. तुमच्या कागदात उजवीकडे." कागद सरळ केला. डावा तांबूस तो बीटा (समूहातल्या ताऱ्यांना अशी ग्रीक अक्षरांची नावं असतात), उजवा निळसर पांढरा तो अल्नायर, आपल्यापासून सुमारे 100 प्रकाशवर्षं दूर. दक्षिणेकडे तोंड केल्यावर पूर्व डाव्या हातालाच येणार की! जमिनीचा नकाशा आपण वरून पाहतो, आकाशाचा खालून. एवढं साधं, पण माझ्या डोक्यात शिरायला दोन रात्री गेल्या.

बाकी मान काढायला मिनिटभर पुरलं. बीटापासून वर उजवीकडे जाताना डेल्टाची जोडी लागते, नुसत्या डोळ्यांनी दोन तारे वेगळे दिसतात. मुलांना हेच सगळ्यात आवडलं. टॉर्चला लाल कागद लावा, हे आधीच सांगायला हवं होतं. पांढरा उजेड एकदा डोळ्यात गेला की पुन्हा वीस मिनिटं थांबा. आणि उत्तरेकडे राहत असाल तर दक्षिण क्षितिज मोकळं असलेलीच जागा धरा, हा पक्षी फार वर येत नाही.

मानेच्या टोकाचा गॅमा म्हणजे डोकं. त्याचं अरबी नाव अल्धनब, अर्थ शेपूट. हे तारे पूर्वी दक्षिण मत्स्य या तारकासमूहात, म्हणजे माशात मोजत, म्हणून. डोक्याचं नाव शेपूट ऐकून दोघंही इतकी हसली की बगळा मावळेपर्यंत घरात यायला तयार नव्हती.