केबलची थरथर

गंगापूर धरणात पाण्यातली बारीक खळबळ मोजायचं समुद्राचं यंत्र कशाला, असं बोटवाल्या दादांनी विचारलंच. नाशिकहून किनारा लांब, जहाजाचा वेळ महाग, आणि बोटीमागे केबलने ओढायच्या प्रोबचे, म्हणजे या मोजणाऱ्या दांडीचे, निम्मे घोटाळे गोड्या पाण्यातही सापडतात. वजन तेवढं नव्याने जुळवावं लागतं. प्रोब बसवलेल्या, 40 लिटर पाणी बाजूला सारणाऱ्या सांगाड्याला समुद्रापेक्षा इथे साधारण एक किलो उचल कमी मिळते. तेवढं शिसं योग्य जागेवरून काढलं नाही तर नाक खाली किंवा वर जातं, आणि प्रवाह प्रोबवर सरळ येत नाही.

आमचा शिअर प्रोब पाण्याचा वेग जागोजागी कसा बदलतो ते टिपतो. त्याच्या टोकाला मऊ रबर, आत पिझो सिरॅमिकची (वाकवलं की वीज देणारी) बारीक पट्टी. पाण्याचा आडवा झटका बसला की पट्टी वाकते आणि व्होल्टेज मिळतं. सोडण्याआधी इन्सुलेशन तपासायचं. ते गिगाओमच्या (अब्ज ओमच्या) खाली आलं की ओल शिरली समजा. टोकावरची संरक्षक टोपी अगदी शेवटी काढायची.

त्या सकाळी वारा पडलेला होता. बोटीच्या पंख्याच्या फेसात येऊ नये म्हणून प्रोब बाजूच्या दांडीवरून, सेकंदाला 1 मीटर वेगाने ओढत होतो. पहिल्याच फेरीत स्पेक्ट्रमवर, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती जोर हे दाखवणाऱ्या आलेखावर, 22 हर्ट्झजवळ भलामोठा उंचवटा. खालचं पाणी इतकं खवळलेलं असणं शक्यच नव्हतं.

नेहमीची परीक्षा सोपी: वेग बदला. कंपन यंत्राचं असेल तर वारंवारता तीच राहते. खळबळ पाण्याची असेल तर वारंवारता वेगाबरोबर सरकते. वेग 1.2 केला, उंचवटा 26 वर गेला. म्हणजे पाण्याचीच खळबळ? इथेच गंमत आहे. केबलमागे भोवरे सुटण्याची वारंवारता म्हणजे 0.2 गुणिले वेग भागिले जाडी. आमची केबल 8 मिलिमीटरची. उभी धरली तर 1 मीटर वेगाला 25 हर्ट्झ, तिरकी असल्याने थोडं कमी. तीही वेगाबरोबरच वाढते! मीटरमागे किती आवर्तनं, या हिशेबात उंचवटा जवळपास जागच्या जागी राहतो आणि हुबेहूब पाण्याचा वाटतो.

सांगाड्याची थरथर मोजणाऱ्या अ‍ॅक्सेलरोमीटरने चोर पकडला. शिअरचा आणि त्याचा सिग्नल तिथे जवळजवळ पूर्ण जुळत होता. गुडमन, लेव्हिन आणि लुएक या संशोधकांच्या 2006 च्या पद्धतीने हा जुळणारा भाग वजा करता येतो, पण खऱ्या भोवऱ्यांनी सांगाडा हलला असेल तर तोही सिग्नल सोबत जातो. म्हणून आधी केबल शांत करावी. दुपारी भोवरे मोडावेत म्हणून नायलॉनच्या पट्ट्यांचे झुपके केबलला दाट बांधले, आणि थरथर पुढे जाऊ नये म्हणून सांगाड्याजवळ रबरी ताणदोर घातला. पुढच्या फेरीत उंचवट्याच्या जागी बारकी गाठ उरली; ती मग गणिताने काढली.

वेग मात्र बोटीच्या जीपीएसवरून घेऊ नये, पाण्याच्या सापेक्ष मोजावा. खळबळीची ऊर्जा किती वेगाने विरते, त्या ऊर्जाक्षयाच्या दरात तो चौथ्या घाताने येतो: 5 टक्के चूक, सुमारे 20 टक्के फरक.

समुद्रावर हेच झुपके केबल गुंडाळायच्या विंचच्या ड्रमवर दाबून चपटे होतात. दर वेळी बाहेर काढताना विस्कटून घ्यावे लागतात.