चेहरा गायकाचा, छायाचित्र दुसऱ्याचे

गायकाचे छायाचित्र छापलेला टी-शर्ट विकायचा असेल तर परवानगी कोणाची घ्यायची, असे विचारल्यास अनेक जण छायाचित्रकाराचे नाव घेतील, आणि ते उत्तर अर्धेच बरोबर असेल. छायाचित्राचा कॉपीराइट साधारणपणे ते काढणाऱ्याकडे असतो. त्यातल्या चेहऱ्याचा व्यापार करण्याचा हक्क ही निराळी बाब आहे, आणि तो देशागणिक इतका बदलतो की एकच टी-शर्ट एका ठिकाणी बिनधास्त विकता येतो, तर दुसऱ्या ठिकाणी त्याच्यापायी कोर्टाची पायरी चढावी लागते.

रिहानाचा खटला या बाबतीत मुद्दाम वाचण्यासारखा आहे. २०१२ मध्ये टॉपशॉप या ब्रिटिश दुकानसाखळीने तिचे छायाचित्र असलेला बिनबाह्यांचा टी-शर्ट विक्रीस काढला. ते छायाचित्र एका गाण्याच्या चित्रीकरणाच्या वेळी एका स्वतंत्र छायाचित्रकाराने टिपलेले होते आणि त्याच्याकडून रीतसर परवाना घेतलेला होता, म्हणजे कॉपीराइटच्या बाजूने विक्रेत्याकडे बोट दाखवायला जागाच नव्हती. तरीही रिहाना २०१३ मध्ये उच्च न्यायालयात आणि २०१५ मध्ये अपील न्यायालयातही जिंकली. मात्र स्वतःच्या छबीवर नियंत्रण ठेवण्याचा सर्वसाधारण हक्क इंग्लंडच्या कायद्यात नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केले होते. केस वर बांधून त्यांवर रुमाल गुंडाळलेली तिची ही छबी त्याच काळातल्या अल्बमच्या प्रसिद्धीशी जुळत होती, शिवाय तिच्याशी असलेला संबंध दुकानाने पूर्वी मिरवला होता. त्यामुळे हा माल तिच्या संमतीनेच आला आहे असा चाहत्यांचा समज होईल, एवढ्याच मुद्द्यावर निकाल लागला. त्याच देशात १९७७ मध्ये ॲबा या स्वीडिश गटाला आपली चित्रे छापलेल्या वस्तूंच्या विक्रीवर तात्पुरती मनाईसुद्धा मिळवता आली नव्हती.

ही कसोटी मला पटत नाही. ग्राहक फसला का, एवढेच पाहायचे ठरवले की ज्याचा चेहरा वापरला त्याच्या संमतीचा प्रश्न बाजूलाच राहतो. शिवाय समज-गैरसमज व्हायला मुळात कलाकार प्रसिद्ध असावा लागतो, म्हणजे ज्याला संरक्षणाची अधिक गरज, त्याच्याच हाती काही लागत नाही.

अमेरिकेत वाट वेगळी निघाली. बेसबॉलपटूंची छायाचित्रे च्युइंगगमसोबत विकणाऱ्या दोन कंपन्यांच्या भांडणात १९५३ मध्ये एका न्यायालयाने प्रसिद्धीचा हक्क, म्हणजे आपल्या छबीच्या व्यापारी वापरावर आपलेच नियंत्रण असण्याचा हक्क, असा वेगळा हक्क मान्य केला. पुढे राज्याराज्यांनी त्याला आपापले रूप दिले: कॅलिफोर्नियात तो मृत्यूनंतर ७० वर्षे वारसांकडे राहतो, तर टेनेसीने २०२४ मध्ये आवाजालाही स्पष्ट संरक्षण दिले.

भारतात केवळ या हक्कासाठी केलेला कायदा नाही; जे काही आहे ते न्यायालयांनी घडवलेले आहे. दलेर मेहंदी यांच्यासारख्या दिसणाऱ्या आणि त्यांच्या गाण्याच्या ओळी वाजवणाऱ्या बाहुल्यांची विक्री दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये रोखली. त्याच निकालात हा हक्क फार ताणला तर व्यंगचित्र आणि विडंबन यांची गळचेपी होईल, असा इशाराही आहे, आणि तो मला निकालाइतकाच मोलाचा वाटतो. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजीत सिंग यांचे नाव, छबी आणि आवाज यांच्या अनधिकृत व्यापारी वापराला मनाई केली. कॉपीराइट कायद्यातले कलाकारांचे हक्क येथे फारसे उपयोगी पडत नाहीत, कारण ते सादरीकरणाला लागू होतात, चेहऱ्याला नव्हे.

ही सारी नावे मोठी आहेत. मुख्य गायकामागे बसलेला वादक, ज्याचा चेहरा दौऱ्याच्या पोस्टरवरून अलगद कॉफीच्या मगावर जातो, त्याने करारावर सही करताना काय मान्य केले यावरच त्याचे बरेचसे भवितव्य ठरते. ‘प्रसिद्धीसाठी छायाचित्र वापरण्यास हरकत नाही’ या एका ओळीत विक्रीच्या वस्तूही येतात असा अर्थ समोरचा काढू शकतो, म्हणून प्रसिद्धी आणि विक्री या दोन्हींची कलमे वेगळी लिहून घ्यावीत. कोणत्या वस्तू, किती मुदत, किती वाटा, हे त्यात यावेच. गट सोडल्यावर आपला चेहरा असलेला उरलेला माल कधीपर्यंत विकता येईल, हेही सहीपूर्वीच ठरवून घ्यावे.