अकरा वर्षांनी पुन्हा ट्रेंटच्या काठावर

जुलैतल्या शनिवारी पहाटे साडेचारला डॉक्टरच्या गाडीचं दार उघडलं आणि माशांच्या आमिषासाठी शिजवलेल्या हेम्पचा, म्हणजे भांगेच्या जातीतल्या बियांचा, वास आला. पेंडीसारखा, थोडा मातकट. अकरा वर्षांनी. मागच्या सीटवर कराडवाला मांडीवर फ्लास्क घेऊन बसला होता, म्हणाला, "चल रे, उजाडलं."

आम्ही तिघं नव्वदच्या दशकात नॉटिंगहॅमला आलो, तिथेच भेटलो आणि तिथल्याच एका शेजाऱ्याकडून कोर्स फिशिंग शिकलो. मग मुलांच्या परीक्षा, डॉक्टरच्या नाइट ड्यूट्या, कराडवाल्याची बायपास. गळ गॅरेजमध्ये गेले ते गेलेच.

सॅमन, ट्राउट हे इथले 'गेम' मासे. ते सोडून गोड्या पाण्यातले बाकीचे, म्हणजे रोच, ब्रीम, पर्च, चब, टेंच, कार्प, बार्बेल, हे सगळे 'कोर्स'. गळाने धरायचे आणि जिवंत परत सोडायचे. कृष्णा-कोयनेच्या संगमावर लहानपणी वाम आणि मरळ धरून घरी नेणाऱ्या आमच्या कराडवाल्याला सुरुवातीला हे अजिबात पटत नव्हतं. मासा खायचा नाही तर त्याला त्रास कशाला द्यायचा, हा त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. आज तोच आमच्यात माशाला सगळ्यांत जपून हाताळतो.

जागा म्हणजे सॉली आणि शार्डलो या गावांच्या मधला ट्रेंट नदीचा काठ. वरच्या अंगाला डर्वेंट नदी येऊन मिळते, एम-वन महामार्गाचा पूल नदीवरून जातो आणि त्याची घरघर दिवसभर कानावर असते. पूर्वेला रॅटक्लिफच्या वीजकेंद्राचे आठ कूलिंग टॉवर. आमच्या वेळी त्यांतून वाफेचे ढग निघायचे, वारा कुठला आहे ते त्यांवरूनच कळायचं. 30 सप्टेंबर 2024 ला ते केंद्र बंद झालं, ब्रिटनमधलं कोळशावर चालणारं शेवटचं. बंद टॉवर बघताना मला खरंच चुकल्यासारखं झालं.

आता नव्याने किंवा पुन्हा जाणाऱ्यांसाठी. इंग्लंडमध्ये तेरा किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला रॉड लायसन्स, म्हणजे गळाने मासे धरायचा सरकारी परवाना, लागतो. सरकारी वेबसाइटवर पाच मिनिटांत मिळतो. तो नसेल तर अडीच हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. पण लायसन्स म्हणजे काठावर बसायची परवानगी नव्हे. काठ बहुतेक ठिकाणी क्लबांच्या किंवा शेतकऱ्यांच्या ताब्यात असतात, त्यांचं डे-तिकीट वेगळं आणि बरेचदा आधीच घ्यावं लागतं. रात्री बसू देतात का, गेट किती वाजता बंद होतं, हेही तेव्हाच विचारून घ्या. नद्यांवर 15 मार्च ते 15 जून बंदी असते. आपल्याकडे पावसाळ्यात समुद्रावर असते तशीच, माशांच्या विणीसाठी, आणि ती 1878 च्या कायद्यापासून चालत आली आहे. बहुतेक तळ्यांना आणि कालव्यांना ती लागू नाही. 16 जूनला काठावर जत्रा असते, पण माझं मत विचाराल तर जुलै-ऑगस्ट बरा. जूनच्या मध्यालाही काही बार्बेल अजून उथळ खडीवर विणीत असतात, त्यांना तेव्हा छेडू नये.

हेम्प चोवीस तास भिजवा, मग मंद आचेवर, दाणा फुटून पांढरा कोंब डोकावेपर्यंत शिजवा. अर्धकच्चा ठेवू नका. रोचला हेम्पसारखं दुसरं काही नाही. मी सकाळभर स्टिक फ्लोटवर, म्हणजे तंगूसाला लावलेल्या काडीसारख्या तरंगावर, नजर ठेवून बसलो. फ्लोट प्रवाहाबरोबर सोडायचा, तंगूस किंचित आवरून धरायचा, म्हणजे गळावरची अळी पुढे उचलली जाते आणि मासा तिथेच धरतो. दर फेकीला चिमूटभर हेम्प, न चुकता. पहिला तास काहीच नाही. मग फ्लोटचं लाल टोक असं बुडालं, जणू कुणी खालून बोटाने ओढलं. तळहाताएवढा रोच, लाल पर, निळसर चमक. नंतर दहापर्यंत सतरा झाले.

त्यातच एक मोठा मासा लागला आणि दोन क्षणांत तंगूस तुटलं. रीलवर अकरा वर्षांपूर्वीचंच होतं, बोटाला चांगलं लागत होतं म्हणून बदललं नव्हतं. मासा तोंडात गळ घेऊन गेला, ते दिवसभर मनाला लागून राहिलं. जुनं सामान काढणाऱ्यांनी आधी तंगूस बदलावं, मग बाकी सगळं. आणि गळ बिनकाट्याचाच, म्हणजे टोकाला उलटा काटा नसलेलाच, लावावा. माझा तो निदान बिनकाट्याचा होता, लवकर सुटून पडला असेल.

दुपारी मासे आमिषाला तोंड लावत नाहीत. विलोच्या झाडाच्या सावलीत थालीपीठ, लसणाची चटणी, आणि गप्पा. खरं तर गप्पाही कमीच. कराडवाल्याने बायपासच्या आदल्या रात्रीबद्दल पहिल्यांदाच सांगितलं, पाण्याकडे बघत. समोरासमोर बसून तो हे कधीच बोलला नसता. डॉक्टर काही बोलला नाही, फक्त त्याच्या कपात चहा ओतला. जेवणाआधी मात्र त्यानेच आम्हाला साबणाने हात धुवायला लावले. मुंबईच्या पावसातला लेप्टो इथल्या नद्यांतही आहे, उंदरांच्या लघवीतून येतो, हाताला खरचटलं असेल तर पट्टी लावाच. दुसरं, ट्रेंटच्या खोऱ्यात विजेच्या तारा फार. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते, तारांपासून 30 मीटर तरी लांब बसा.

संध्याकाळी नवाच्या सुमाराला कराडवाल्याचा रॉड वाकला. लंचन मीटच्या, म्हणजे डब्यातल्या मांसाच्या, तुकड्याला त्याने कांदा-लसूण मसाला चोळला होता. बार्बेल. आपल्या महसीरच्याच कुळातला, तशाच चार मिशा, तसंच तळाशी राहून झुंजणं. बारा पौंडांचा ताण सोसणारं तंगूस होतं म्हणून झुंज लांबली नाही, आणि ते महत्त्वाचं आहे, कारण हा मासा दमेपर्यंत लढतो. उन्हाळ्यात पाण्यात प्राणवायू कमी असतो, घाईने सोडला तर उलटा होऊन मरतो. त्याला कीपनेटमध्ये, म्हणजे धरलेले मासे दिवसभर साठवायच्या जाळीत, ठेवायचंच नाही. मासा ठेवायची चटई ओली करा, हात ओले करा, आणि मासा उचलायच्या जाळ्यातच पाण्यात, तोंड प्रवाहाकडे करून धरा.

कराडवाला गुडघाभर पाण्यात आठ मिनिटं वाकून उभा राहिला. मी घड्याळ बघत होतो. डॉक्टर म्हणाला, "तू दमशील, मी धरतो." तो म्हणाला, "अजून नाही. कल्ले बघ, अजून धाप आहे." मग शेपटीचा एक जोरदार फटकारा बसला आणि तिघांचे चष्मे भिजले.