पंपरूममधला काटा: सोसायटीचे स्प्रिंकलर सुरू करतानाचा माझा अनुभव

नोटीस आली तेव्हा मला सेक्रेटरी होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. सप्टेंबर २०२२. अग्निशमन दलाच्या पाहणीत आमच्या २२ मजली इमारतीची स्प्रिंकलर यंत्रणा, म्हणजे आग लागली की छतातून आपोआप पाणी फवारणारी व्यवस्था, बंद आढळली होती आणि १२० दिवसांत ती चालू करून दाखवायची होती. खाली कायद्याचं नाव होतं, महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. काम झालं नाही तर वीज-पाणी तोडण्यापर्यंतचे अधिकार त्यात आहेत.

त्या नोटिशीपेक्षा मला हादरवलं ते कपाटातल्या फाइलने. तिच्यात फॉर्म बी होता, त्याच जुलैमधला. इमारतीतली आगीची यंत्रणा सुस्थितीत आहे, असं परवानाधारक एजन्सीने लिहून दिलेलं हे प्रमाणपत्र दर वर्षी दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. शिक्का होता, सही होती, सगळं 'चालू' होतं. आधीच्या कमिटीने पैसेही वेळेवर भरले होते. ती मंडळी माझ्याइतकीच चांगली आणि माझ्याइतकीच अनभिज्ञ होती, त्यांना बोल लावावासा मला आजही वाटत नाही.

महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाच्या संकेतस्थळावर परवानाधारक एजन्सींची यादी आहे. तिच्यातल्या तिघांना मी बोलावलं. दोघांनी गेटपाशी उभ्या उभ्या दर सांगितला. तिसरा मुलगा म्हणाला, "मॅडम, आधी पंपरूम दाखवा." काम त्यालाच द्यायचं हे मी तिथेच ठरवलं.

पंपरूममध्ये ओल आणि डिझेलचा वास होता. त्याने टॉर्च मारला तो स्प्रिंकलरच्या मुख्य पाइपावरच्या गेजवर, म्हणजे पाण्याचा दाब दाखवणाऱ्या तबकडीवर. काटा तीनवर.

"तीन किलो प्रेशर आहे की," मी म्हटलं.

"दहा मीटर उंचीला एक किलो लागतो, मॅडम. तीन किलो म्हणजे पाणी तीस मीटरपर्यंत. दहावा मजला. त्याच्यावर लाइन सुकी आहे."

मी चौदाव्या मजल्यावर राहते. रोज रात्री झोपताना छतावर स्प्रिंकलरचं ते चकचकीत बटण दिसायचं आणि बरं वाटायचं. त्याच्या मागच्या पाइपात नुसती हवा होती.

पॅनलवरचा स्विच 'ऑटो'ऐवजी 'मॅन्युअल'वर होता, म्हणजे आग लागली असती तर कुणीतरी तळघरात धावत जाऊन बटण दाबेपर्यंत पंप लागलाच नसता. वीज नसताना चालणाऱ्या डिझेल पंपाची बॅटरी मेलेली. गच्चीवरच्या टाकीतून लाइनला येणारा व्हॉल्व्ह बंद. तो का बंद, हे शोधायला मला चार दिवस लागले. काही वर्षांपूर्वी पंधराव्या मजल्यावर पाइप गळून एका घराचं छत खराब झालं होतं, तेव्हा प्लंबरने 'तात्पुरता' बंद केला होता. त्यात कोणाचा खोटेपणा नव्हता. एका छताचा डाग थांबवताना सगळी इमारत कोरडी पडली होती.

विशेष सर्वसाधारण सभेत खर्च मांडला. सुमारे साडेअकरा लाख, ८८ फ्लॅट, घरामागे १३ हजार. आवाज चढले. मी भाषण केलं नाही, गेजचा फोटो मोठा छापून भिंतीवर लावला आणि तीन किलोमागचा हिशोब सांगितला. मग त्याच वर्षी जानेवारीत ताडदेवच्या कमला इमारतीला लागलेल्या आगीची आठवण काढली. तीही आमच्यासारखीच उंच, २० मजली, रहिवासी इमारत, आणि तिथे माणसं गेली. अकराव्या मजल्यापासून वरच्या लोकांचे हात आधी वर गेले, मग खालच्यांचे.

पैसे जमले, पण खरी परीक्षा घराघरांत होती. अग्निशमन दलाच्या एनओसीप्रमाणे, म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्राप्रमाणे, आमच्याकडे फ्लॅटच्या आतही स्प्रिंकलर आहेत. हेडच्या, म्हणजे छतातून दिसणाऱ्या तोटीच्या, मधोमध काचेची बारीक नळी असते, लाल द्रवाने भरलेली. खोलीतली हवा ६८ अंशांपर्यंत तापली की द्रव फुगतो, काच फुटते आणि पाणी सुटतं. फक्त त्याच हेडमधून. एक फुटला की सगळ्या घरात पाऊस पडतो, हा समज मी किमान चाळीस घरांत दूर केला असेन. स्वयंपाकघरात उष्णता जास्त, म्हणून तिथे पिवळ्या काचेचे, ७९ अंशांचे.

आता हे हेड लोकांनी काय करून ठेवले होते! दिवाळीच्या रंगकामात रोलर सरळ त्याच्यावरून फिरलेला. रंगाचा थर बसला की काचेला उष्णता उशिरा लागते, पाण्याची वाटही अडते. रंग खरवडून चालत नाही, हेड बदलावाच लागतो. कुठे पंख्याची तार त्याला बांधलेली, कुठे झिरमिळ्या. आणि एकोणीस घरांत पीओपीचं छत खाली आणून हेड वर, अंधारात, बंद करून टाकलेला. आग खोलीत आणि स्प्रिंकलर माळ्यावर.

सोळाव्या मजल्यावरच्या काकूंनी दारातच अडवलं. "अगं, मे महिन्यात दोन लाख घालून छत केलंय. त्याला भोकं पाडू?"

"काकू, तीन भोकं. प्रत्येक वाटीएवढं. वर पांढरी चकती बसते, दिसणारसुद्धा नाही."

"आणि नाही पाडली तर?"

मी त्यांना त्यांच्या देवघराखाली उभं केलं. समई तेवत होती, मागे पडदा. "इथून पेट घेतला तर तुम्ही काकांना घेऊन जिन्यापर्यंत किती वेळात पोचाल?" काकांचा उजवा पाय अर्धांगाने गेलेला आहे. काकू काही बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि सोफ्यावर घालायला जुन्या चादरी घेऊन आल्या.

पाणी भरणं एका रात्रीत होत नाही. आम्ही दोन-दोन मजले भरत वर गेलो, प्रत्येक मजल्यावर एक माणूस बादली आणि फोन घेऊन उभा. सात ठिकाणी गळती निघाली, सगळी जुन्या जोडांवर. सर्वांत वरच्या मजल्यावर, लाइनच्या टोकाला, टेस्ट व्हॉल्व्ह असतो. तो उघडला तेव्हा आधी बराच वेळ फुसफुसत हवा आली, मग काळं, गंजाच्या वासाचं पाणी खोकत खोकत बाहेर पडलं. ते स्वच्छ व्हायला वीस मिनिटं गेली. आम्ही सहा जण तिथे रात्री साडेअकराला उभे होतो आणि कुणालाच घरी जावंसं वाटत नव्हतं.

जानेवारीत अग्निशमन दलाचे साहेब तपासणीला आले. मी फाइल पुढे केली, त्यांनी ती बाजूला ठेवून आधी पॅनलवरचा स्विच पाहिला. ऑटो. गेज पाहिला. दहा. मग एकाला वर पाठवून टेस्ट व्हॉल्व्ह उघडायला लावला आणि स्वतः पंपरूममध्ये थांबले. काटा नऊवर आला, लाइनचा दाब टिकवणारा छोटा जॉकी पंप लागला. व्हॉल्व्ह उघडाच होता, काटा आणखी उतरला, आठवर मुख्य पंप धडधडत सुरू झाला आणि भोंगा वाजला. पॅनलवर बाविसाव्या मजल्याचा दिवा लागला होता. त्यांनी मुख्य पंपाची वीज बंद करवली. काटा सातवर येताच डिझेल इंजिनाने धूर सोडला आणि पाणी पुन्हा चढलं. नवी बॅटरी आधीच बसवली होती, नाहीतर तिथेच अडकलो असतो.

"आता फाइल द्या," साहेब म्हणाले.

या वेळचा फॉर्म बी मी दोनदा वाचला, मगच जमा केला. तुमच्या सोसायटीत तो असेल तर कृपा करून एजन्सीच्या माणसाबरोबर खाली जा, सर्वांत वरचा टेस्ट व्हॉल्व्ह उघडायला लावा आणि पंप आपोआप लागतो का ते स्वतःच्या कानांनी ऐका. अर्धा तास लागतो.

आमच्याकडे आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी हे होतं. वॉचमनच्या वहीत रोज सकाळ-संध्याकाळ काट्याचा आकडा लिहिला जातो. गच्चीवरच्या व्हॉल्व्हला उघड्या स्थितीत साखळी आणि कुलूप आहे, किल्ली ऑफिसात. परवा नवव्या मजल्यावर नव्या भाडेकरूंचं काम सुरू झालं. त्यांचा पीओपीवाला टेप घेऊन ऑफिसात आला आणि म्हणाला, "ताई, छत सहा इंच खाली येतंय. स्प्रिंकलरचा पाइप वाढवायला तुमचा माणूस कधी येईल? तोवर मी पत्रा मारत नाही."