उल्का नोंदवही: गंगापूर धरण, नोव्हेंबरचा दुसरा आठवडा

वृषभ उल्कावर्षावात ताशी पाच उल्का दिसल्या तरी खूप, म्हणून आमच्यातले बरेच जण डिसेंबरच्या मिथुन वर्षावाचीच वाट बघतात. मला मात्र टॉरिडच, म्हणजे वृषभ वर्षावाच्या उल्काच, आवडतात. संख्या कमी, पण एखादी येते ती दिवाळी करून जाते.

शुक्रवारी संध्याकाळी 7:52 ला ती आली. गंगावऱ्हे बाजूला, बॅकवॉटरच्या काठावर होतो. भाद्रपदेचा चार ताऱ्यांचा चौकोन डोक्यावर होता. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातल्या ताऱ्यापाशी पेटली, चौकोनाची उत्तरेकडची कड घासत गेली आणि धनिष्ठेपाशी फुटून विझली. पिवळट नारिंगी रंग, शुक्राहून नक्कीच तेजस्वी. माझा अंदाज उणे 6 प्रत (तेजाच्या या मापात आकडा जितका उणे, तितकं तेज जास्त). ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असं मोजत होतो, तीन सेकंदांच्या आसपास भरले. कॅमेरा ब्रह्मगिरीकडे तोंड करून होता, त्यात फक्त शेवटचा तुकडा आला.

आता खरी गंमत. मार्ग नकाशावर आखून मागे वाढवला, तर रेघ थेट कृत्तिकेजवळ पोचते. पूर्वेला नाशिकच्या उजेडात कृत्तिका धड दिसतही नव्हती, पण टॉरिडचा उगमबिंदू, म्हणजे त्या जिथून येताना भासतात ती जागा, तिथेच. वेगही जुळतो: एन्के धूमकेतूचे हे कण सेकंदाला 27-28 किमीने येतात, सिंह वर्षावातले 71 ने. कुठल्याच वर्षावातल्या नसलेल्या सुट्या उल्कांचं म्हणाल, तर संध्याकाळी आपण पृथ्वीच्या मागच्या बाजूला असतो, कणांना आपल्याला गाठावं लागतं. म्हणून सांजेच्या अशा उल्का सहसा सावकाश वाटतात.

सोबतच्या एकाला 2 एप्रिल 2022 आठवला. तेव्हा रॉकेटचे अवशेष महाराष्ट्रावरून जळत गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ धातूची रिंग पडली. पण तसे अवशेष सेकंदाला आठेक किमीने, तुकड्यांची रांग करत बराच वेळ सरकतात. तीन सेकंदांत खेळ संपत नाही.

आवाजासाठी पाच मिनिटं गप्प उभे राहिलो. अंतर 75 किमी धरलं तर आवाज यायला जवळपास चार मिनिटं लागतात. आला नाही. एवढ्या उंचीवर विझलेल्या टॉरिडकडून अपेक्षाही नव्हती, पण नोंदीत ‘आवाज नाही’ हेही लिहायचं असतं.

सिन्नर, इगतपुरी किंवा धुळ्याकडून कुणी पाहिली असेल तर ‘केवढी मोठी होती’ हे नंतर. आधी कोणत्या ताऱ्यापासून कोणत्या ताऱ्यापर्यंत गेली ते कळवा. दुसऱ्या जागेची एक रेघ मिळाली की उंची काढता येईल.